रिकामा चौकोन

वीज आता पडत नाही, पाडली जाते. गेली सहा वर्षं माणदेशात एकही वीज आपल्या मर्जीनं खाली आलेली नाही, आणि हवामान खात्याला त्याचा भारी गर्व आहे.

बिरू कोळेकर खात्याची गाडी चालवतो. काम एकच: वळवाचा ढग बांधायला लागला की त्याच्या मागं पळायचं. कागदावर या लोकांना ‘मेघानुसारक’ म्हणतात, गावात ‘ढगमागे’. बिरूचं उभं बालपण मेंढरांमागं गेलं. कोणता ढग नुसता गुरगुरणार आणि कोणता फुटणार, हे त्याला यंत्राआधी कळतं. म्हणून तर दहावी नापास माणूस खात्याला चालला.

शेजारी डॉ. केतकी आठल्ये, खात्याची शास्त्रज्ञ. टपावर लेसरची तोफ. मे महिन्यातली दुपार, चार वाजलेले. समोर ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर वर फुगत होता.

“मॅडम, ह्यो फुटणार. सरळ आंबेवाडीच्या बाजारावर निघालाय बेनं.”

“यंत्र अजून पिवळंच दाखवतंय.”

“यंत्रानं मेंढरं राखलीत का कधी?”

केतकी हसली. मिनिटाभरात यंत्र लाल झालं.

ढगात गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर घासतात, विद्युतभार साठत जातो. तो जमिनीत उतरणारच, अडवता येत नाही. पण लेसरनं हवेत तापलेली, विरळ रेघ ओढली की वीज त्याच रेघेनं खाली येते, पाणी पाटानं जावं तशी. ही ‘वीजवाट’. एकदा वाट पडली की दहा मिनिटांत ढगातल्या साऱ्या विजा एकाच जागी. ती जागा यंत्र निवडतं. आसपासच्या जमिनीचे चौकोन पाडतं, प्रत्येकात किती मोबाइल चालू आहेत ते बघतं आणि सगळ्यात कमी आकड्याच्या चौकोनात वीज उतरवतं. चालू मोबाइल म्हणजे माणूस. बंद म्हणजे कुणी नाही.

पडद्यावर आकडे आले. बाजार: चारशे बारा. ओढ्याकडची वस्ती: नऊ. माळ: शून्य.

बिरूनं करकचून ब्रेक दाबला. “माळावर शून्य कसं? तिथं सकूअक्का हाय माझी!”

“कोण?”

“थोरली बहीण. दाजी, सून, तिघं हायेत. सुताराच्या रानात खताला मेंढरं बसवलीत, पेरणीच्या आधी बसवत्यात तशी. कालच भाकरी खाऊन आलोय तिथं.”

“फोन लावा!”

त्यानं लावला. बंद. दाजीचा बंद. सुनेचा बंद.

बंदच असणार. आकाश काळं झालं की खात्याचा भोंगा गावोगाव ओरडतो: विजा होत आहेत, मोबाइल बंद करा. मोबाइलनं वीज ओढली जात नाही, हे केतकीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनं एकदा तसं लिहूनही दिलं होतं. खातं म्हणालं, असू दे, सांगितलेलं बरं. आणि सकूअक्का भोंग्याला जुमानत नव्हती, तेव्हा बिरूनंच तिला दम भरला होता. “अक्के, मी खात्यातला माणूस. मी सांगतो ते ऐक.”

तिनं ऐकलं होतं.

“थांबवा ती तोफ.”

“माझ्या हातात नाही, बिरूभाऊ. ती आपोआप सुटते.” केतकी फोनवर जिल्हा कचेरीशी ओरडून बोलत होती. मग तिनं फोन खाली घेतला. “ते म्हणतात, पडद्यावर माणूस दाखवा.”

“आता कुठनं दाखवू? मधी ओढा हाय, तिथं गाडी जात न्हाई.” त्यानं गियर टाकला. “मग गाडीच पुढं काढतो. माळ टप्प्याबाहेर गेला की झालं.”

“काढा. पण मग सगळ्यात कमी आकडा वस्तीचा. नऊ.”

बिरूचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता टेकलेला होता. ज्यांनी भोंग्याला भीक घातली नाही, ते नऊ. ज्यांनी शहाण्यासारखं ऐकलं, ते तीन.

“तुम्ही सांगा मॅडम. शिकलेल्या हाय तुम्ही.”

केतकीनं पुन्हा जिल्ह्याचा नंबर फिरवला. पंधरा वर्षं शिकून तिच्याजवळ एवढंच निघालं.

पाय तसाच राहिला. टपावर हलकासा टक् असा आवाज आला.

मग दहा मिनिटं माळ पांढरा होत राहिला. बिरू हॉर्न दाबून बसला होता, दोन किलोमीटरवर ऐकू जाईल अशा वेड्या आशेनं. केतकीनं त्याला अडवलं नाही.

ढग रिता झाला. भोंगा वाजला: धोका टळला आहे, मोबाइल सुरू करा. लोकांनी ऐकलं. पडद्यावर बाजाराचे चारशे बाराचे नऊशे झाले. वस्तीत नवाचे एकतीस. आकडे भराभर चढत होते.

बिरू एकाच चौकोनाकडे बघत होता.

तिथं शून्यच राहिलं. यंत्रानं त्या शून्यापुढं हिरवी खूण केली आणि खाली लिहिलं: निवड अचूक.