क्लासपर्यंतची वाट

संध्याकाळचा वायरिंगचा क्लास नुकता सुरू झाला होता. दारात एक तरुण शिंपी येऊन उभा राहिला. गळ्यात मापाची टेप, बाहीला टोचलेल्या टाचण्या. मास्तरांची माफी मागून त्याने विचारलं, "माझ्या दुकानातला उजेड घेऊन कोणी इथे आलंय का?"

सगळे हसले. मागच्या बाकावरच्या ठिणगीचा हात मात्र झटकन खिशात गेला. शिडीवर चढणाऱ्याने फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवायचा, म्हणजे खालून कोणी चुकून वीज चालू करत नाही, ही तिच्या मामाची शिस्त. शिंप्याच्या दुकानातलं काम उरकून ती धावत क्लासला आली होती, तीही फ्यूजसकट.

"पुढच्या वेळी झडती घेऊनच सोडीन," फ्यूज घेताना तो हळूच म्हणाला.

"घ्या की. शॉक बसला तर मी जबाबदार नाही."

तिचं खरं नाव घरच्यांपुरतंच. कामावर सगळे ठिणगीच म्हणत. मामा वायरिंगची कामं घेई. त्याच्या हाताखाली ती दिवसभर भिंती कोरायची, तारा ओढायची आणि संध्याकाळी क्लासला पळायची. क्लास पुरा केल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय जन्मभर मामाची मदतनीस.

शिंप्याला काय झालं कोण जाणे. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी तो दुकान भावावर टाकायचा आणि ती जिथे कामावर असेल तिथून क्लासपर्यंत तिच्याबरोबर चालायचा. त्या काळी प्रेमात पडलेल्यांना भेटायला जागा नसायची. या दोघांना तर वेळही नव्हता. ती चालता चालता डबा खायची, तो तिची हत्यारांची पिशवी धरायचा. तुझ्या केसांत चुना आहे, म्हणायचा, झटकायला हात पुढे करायचा आणि... मागे घ्यायचा. मग तीच डोकं जरासं कलतं करायची.

त्यात मामा चिडला. रोज काम अर्धं टाकून पळतेस, बाकीचे कामगार माझ्या तोंडावर बोलतात. क्लास तरी धर, नाहीतर काम. घर तिच्या पगारावर चालत होतं. तिने मन घट्ट केलं आणि वाटेत हसत हसत शिंप्याला सांगून टाकलं — क्लास सोडतेय, आता सगळ्या संध्याकाळी तुझ्या.

तो खुलेल असं तिला वाटलं होतं. तो चालायचाच थांबला.

"मला नकोत," तो म्हणाला. "पुढे कधीतरी दुसऱ्याची शिडी धरून उभी असशील आणि माझ्याकडे बघशील... ते बघणं मला झेपायचं नाही."

रागाने तिला रडू आलं. पण क्लासला ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती मामाच्या आधी कामावर हजर. रोज तासभर लवकर येईन, पण संध्याकाळी वेळेवर सुटेन, असं तिने त्याला ठणकावलं.

"त्या शिंप्याने कान भरले वाटतं."

"मी तर क्लास सोडणारच होते, मामा. तोच नको म्हणाला."

मामाने वायर सोलायला घेतली. मग पुटपुटला, "पोरगा बरा दिसतोय. लग्नाचं विचारलं का त्याने?"

"नाही."

"मग तू विचार. तिसऱ्या मजल्यावर चढताना कुठे घाबरतेस?"

त्या संध्याकाळी डबा उघडलाच नाही. क्लासच्या पायरीशी तिने विचारलं, अगदी सरळ, त्याच्या डोळ्यांत बघून. शिंप्याचे कान लाल झाले. आत मास्तरांनी हजेरी सुरू केली होती.

"अगं, हो म्हणायला मी इथेच उभा आहे," तो म्हणाला. "तू आत जा... हजेरी चुकेल."

ती धावली. आणि आपलं नाव आल्यावर अशी काही "हजर" म्हणाली, की अख्खा क्लास मागे वळून बघायला लागला.