वंशखीळ

मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ तापलेल्या पाण्यात पांढरं पडून मेलं, त्याला एक पिढी लोटली होती. उरलं होतं ते फक्त घरांमध्ये. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत ओटीवर दर्यापेटी असे: खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी, तळाशी समुद्रातला दगड आणि दगडावर जिवंत प्रवाळाची फांदी. पाणी थंड ठेवणारं यंत्र सरकार देई. प्रवाळ वाढवायचं काम घरच्यांचं. समुद्र पुरेसा निवला की यातलीच उत्तम प्रवाळं निवडून परत पाण्यात लावायची, असं ठरलेलं होतं. ज्याचं प्रवाळ निवडलं जाईल त्याचा मान मोठा.

कुमुदिनी तारीच्या पेटीतल्या प्रवाळाला गावात तोड नव्हती. जांभळट रंगाचं, हरणाच्या शिंगांसारखं फुटलेलं ते प्रवाळ तिचा नवरा भिवा याने शेवटच्या जिवंत खडकावरून आणलं होतं. भिवा पाणबुड्या होता. पुढे एका वादळात तो गेला आणि त्याचा देहसुद्धा हाती लागला नाही. कुमुदिनीने त्याच्या फोटोला कधी हार घातला नाही. सकाळी उठून ती आधी पेटीशी जाई, पाण्याचा खारटपणा बघे, काच पुसे, आणि जाता जाता प्रवाळाशी दोन शब्द बोलेसुद्धा.

प्रवाळाला थोडे मासे लागतात. माशांची विष्ठा हे त्याचं खत. मात्र ते बेताचं हवं. म्हणून तिचा धाकटा दीर जनार्दन एकदा दोन मासे घेऊन आला. धुरीवाड्यात त्याची माशांच्या पैदाशीची शेड होती. त्याला ना बायको, ना मूल. शेडमधल्या टाक्या आणि त्यांतल्या एकीत वाढवलेलं स्वतःचं प्रवाळ, हाच त्याचा संसार.

"वयनी, दोनव नर आसत," तो म्हणाला. "वाढूचो प्रश्नच नाय."

ते मासे तोंडपिल्ले होते. रुपेरी अंगावर काळे पट्टे आणि लांब झालरीसारखे पर. या जातीत मादी अंडी घालते, पण ती वाढवतो नर. तीही स्वतःच्या तोंडात. पिल्लं फुटेपर्यंत तो अन्नाला शिवत नाही. समुद्रातल्या इतर माशांची पिल्लं इतकी बारीक असतात, की टाकीतल्या पंपात ओढली जाऊन मरतात. तोंडपिल्ल्याची पिल्लं मात्र बापाच्या तोंडातून बाहेर पडतात ती पोहत, खातच.

दोनांतला एक मासा खाईना, त्याचा जबडा सुजल्यासारखा दिसू लागला, तेव्हा कुमुदिनीला वाटलं, आजारी पडलाय. तिने पाणी बदललं. काही दिवसांनी दगडाच्या कपारीत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक थवा हलताना दिसला. दोनांतली एक मादी होती.

त्यानंतर तिने काय नाही केलं! जाळी घातली, तर सगळे कपारीत शिरून बसत. बाटलीत खाऊ टाकून सापळा लावला. चार वेडे अडकले, बाकीच्यांनी बाटलीकडे पाठ फिरवली. त्यांना पकडायचं तर दगड फोडायला हवा, आणि दगडावर तर प्रवाळ. समुद्रात सोडणं गुन्हा. शेजारणींना द्यायला गेली, तर त्या हात जोडून म्हणाल्या, "नको गो बाय, आमचीच जड झाली आसत." पिल्लांची पिल्लं झाली. घाणीने पाण्यात शेवाळ माजलं. ते बुडापासून चढत चढत प्रवाळाच्या फांद्यांवर आलं आणि जांभळी टोकं एकेक करून राखाडी पडत गेली.

शेवटी ती जनार्दनच्या शेडवर गेली. तो एका गिऱ्हाइकाला मासे दाखवत होता. हातात पेनाएवढी एक कांडी होती. ती पाण्यात बुडवून माशाजवळ नेली की नराला निळा आणि मादीला पिवळा दिवा लागे.

"डोळ्यांका कळणा नाय, पण हिका कळता," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "इतक्या वर्षांत माझो हात एकदाव चुकलो नाय."

गिऱ्हाईक गेलं. कुमुदिनी दारातच उभी होती.

"मगे माझ्या वेळाक कसो चुकलो, जना?"

त्याने कांडी पुसून खिशात ठेवली. काहीतरी बहाणा सांगेल असं तिला वाटलं होतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "चुकलो नाय. प्रवाळ काढलेल्या त्या बुडीत मी भिवाच्या वांगडा होतंय. दोरी मी धरलेली. ता प्रवाळ माझ्या टाकीत वाढूक व्हया होता. पण भिवान ता तुका, बायलेक, दिल्यान."

कुमुदिनी घरी आली. महिन्याभरात प्रवाळ पूर्ण मेलं. समुद्र पुरेसा निवला म्हणून निवड करणारे आले, पेटीकडे बघून हळहळले आणि निघून गेले. त्या वर्षी समुद्रात पहिलं प्रवाळ लागलं ते जनार्दनच्या टाकीतलं. बंदरावर त्याच्या गळ्यात हार घातला जात असताना कुमुदिनी गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्या लेकीला, रेवतीला, त्याचं नवल वाटलं. आईच्या टाळ्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

कुमुदिनीची भाची मैत्रेयी किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत जनुकांवर काम करी. मावशीच्या पेटीची हकिगत ऐकून ती धावत आली.

"उशीर झाला गं, मावशी. पण निदान मासे तरी आवरू. आमच्याकडे वंशखीळ आहे."

"म्हणजे काय?"

"बघ, पिल्लाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. त्यामुळे बापाच्या एखाद्या प्रतीत आपण बदल केला, तर तो निम्म्याच पिल्लांत उतरतो, पुढच्या पिढीत त्याच्याही निम्म्यात. असा विरत जातो. खीळ विरत नाही. पिल्लाच्या अंगात गेली की ती शेजारच्या चांगल्या प्रतीला कापते आणि तिथे स्वतःची नक्कल बसवते. मग त्या पिल्लाची सगळी संतती खिळीचीच."

"आणि ती करते काय?"

"खीळ असलेलं प्रत्येक पिल्लू नर होतं. तेही साधेच दिसतात, जोडी जमवतात, तोंडात अंडी सांभाळतात. पण त्या अंड्यांतून पुन्हा नरच. जुन्या माद्या म्हाताऱ्या होऊन मरतात, नव्या जन्मत नाहीत. कोणाला मारावं लागत नाही. वंशच थांबतो."

"परत चालू करता येतो?"

"नाही. म्हणूनच बंद पेटीबाहेर न्यायची परवानगी नाही. परवानगीच्या कागदावर सही माझी आहे, मावशी."

मैत्रेयीने आणलेल्या पिशवीत खीळ बसवलेले तीन देखणे नर होते. कुमुदिनीने ते हातात घेतले. आपल्या पेटीत आता वाचवण्यासारखं काही नाही, हे तिला माहीत होतं. भाची गेल्यावर तिने साडी बदलली, डब्यात घावणे घातले आणि ती धुरीवाड्याची वाट चालू लागली.

जनार्दन ओशाळला होता. वहिनी घावणे घेऊन आली म्हटल्यावर तो चुलीवर चहा ठेवायला आत गेला. शेडमध्ये टाक्या रांगेने उभ्या होत्या. सगळ्यांतून एकच पाणी फिरे, आणि जोड्या मोठ्या टाकीत जमवल्या जात. कुमुदिनीने त्या मोठ्या टाकीवर कनवटीची पिशवी सोडली. मासे सळकन थव्यात मिसळले. त्या क्षणी तिच्या छातीत जे झालं ते भिवा गेल्यापासून झालं नव्हतं. ती पोटभर हसू शकली असती. मग तिने दिराच्या हातचा चहा घेतला आणि साखर कमी आहे म्हणून आणखी मागून घेतली.

त्यानंतर ती वरचेवर शेडवर जाऊ लागली. लोक म्हणत, नवऱ्याच्या भावाला किती जपते! ती कांडीकडे बघायला जाई. निळा, निळा, पिवळा, निळा. मग नुसताच निळा. जनार्दनला आधी वाटलं, कांडी बिघडली. त्याने नवी आणली. नवीनेही निळाच दिवा दाखवला. त्याने पाणी बदललं, खाद्य बदललं, देवाला गाऱ्हाणं घातलं. शेवटच्या म्हाताऱ्या मादीला तो हाताने भरवत होता. ती मेली त्या दिवशी टाक्यांमधून नुसते नर फिरत होते. अंडं नसलेली तोंडं उघडत आणि मिटत. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी त्या काळात त्याचे मासे नेले होते, त्यांच्या पेट्यांतही हेच झालं. शिव्या जनार्दनला बसल्या.

कुमुदिनीने ते दृश्य शेडच्या दारात उभं राहून बघितलं आणि ती घरी येऊन जेवली. चव लागत होती. रेवतीला दिवस गेले होते, ती बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं.

एका दुपारी मैत्रेयी आली. चपला न काढताच ओटीवर बसली.

"जनाकाका प्रयोगशाळेत आला होता. मासा तपासून घेतलाय त्याने कुठून तरी. खीळ सापडली. आता माझी नोकरी जाईल, ते जाऊ दे."

"ओरडला?"

"नाही. तेच तर. शांत बसला, पाणी मागून प्यायला. मग म्हणाला, पोरी, मला एकच सांग. ही खीळ माशालाच लागते, की माणसालाही?"

कुमुदिनीने हातातली सुपली खाली ठेवली.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नाही लागत."

"खरं काय?"

"जनुक ते जनुक, मावशी. माशावर बसवायला आम्हाला कितीतरी वर्षं लागली. माणसावर कोणी बसवून बघितली नाही, एवढंच. आणि मी नाही म्हटलं ते त्याला पटलं नाही. अशा प्रयोगशाळा आणखी कुठे कुठे आहेत, ते विचारून गेला."

मासे संपत असताना शेडच्या दारात उभं राहून आपण जनार्दनकडे किती शांतपणे बघत होतो, ते कुमुदिनीला आठवलं. प्रयोगशाळेत त्यानेही मैत्रेयीकडे तसंच बघितलं असणार.

तेवढ्यात आतून रेवतीचा आवाज आला. "आई, जनाकाकांनी डिंकाचे लाडू पाठवलेत गं माझ्यासाठी. काय छान झालेत!"

कुमुदिनी उठली ती पळतच आत गेली. तिने लेकीच्या हातातला अर्धा खाल्लेला लाडू हिसकावला. डबा मोरीत पालथा केला. रेवती पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली होती, घाबरून आईकडे बघत होती.

मैत्रेयी मागोमाग आली. तिने मावशीचा हात धरला. "मावशी, अगं, लाडवातून नाही होत तसं काही."

"आज नाही होत," कुमुदिनी म्हणाली.