षड्जाची वाट

या भुजंगराव, असे कंदिलाजवळ बसा. वीज गेलीय, या दिवसांत दिवेलागणीला ती हमखास जाते. तुमच्या मामांचं टेपचं मशीन पुसून, झाकण लावून ठेवलंय. मामींचा निरोप आला तेव्हाच म्हटलं, खुशाल न्या, तुमच्या घरची वस्तू. बन्नूरची ही बस चुकली तर पुढची मिळेल, पण अंधार पडेपर्यंत उठू नका. आमची बायको वनजा आत कॉफी करते आहे. अंबाजीरावांच्या तोंडाला कुलूप नाही, असं तुमचे मामा म्हणायचे. आज मात्र मी सवयीनं बोलत नाही. कारण आहे, सांगतो.

टेपवर गाणं ऐकणारी आमची मंडळी म्हणजे तिघंच. शिवरामपेठेत शिंपीकामाचं दुकान चालवणारे तुमचे गुंडेराव मामा, कन्नड शाळेतले नरसिंहमूर्ती मास्तर, आणि बेळगोळच्या कारखान्यातून निवृत्त झालेला मी. रविवारी दुकान बंद झालं की वरच्या खोलीत जमायचं. कोऱ्या कापडाची खळ आणि तापलेल्या मशीनचा वास, असा आमचा दरबार. टेप संपली की ज्यानं त्यानं काय वाटलं ते सांगायचं, मग भांडायचं, मग कॉफी. टेप चालू असताना मात्र एक अक्षर बोलायचं नाही, हा मामांचा नियम. वाहवासुद्धा नाही. ते म्हणायचे, "महफिलीत दाद दिली की गाणारा तुमच्याकडं वळतो, मग तुमच्यासाठी गातो. इथं कोण वळणार?"

ती टेप मूर्तींनी सोसल्याहून आणली. त्यांच्या नात्यातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर सापडली म्हणे. डबीवर ना नाव, ना गाव. आम्ही लावली. आधी बराच वेळ नुसता तंबोरा, मग एका बाईचा आवाज. मारवा. मूर्ती मागाहून मला म्हणाले, "हे आमचं कर्नाटकी हंसानंदीच हो, तुम्ही नाव वेगळं ठेवलंय, अष्टे." तसं म्हणू द्या. पण ती जे गात होती ते मी कधी ऐकलं नव्हतं. ती षड्ज लावतच नव्हती. त्याच्याभोवती फिरायची, अगदी जवळ यायची आणि वळायची. आपला जीव अडकतो त्यात. एके ठिकाणी त्या महफिलीत कुणीतरी दोघं कुजबुजले, तर ती थांबलीच. नुसता तंबोरा वाजत राहिला. कुजबुज संपली तेव्हा त्याच सुरावरून पुढं निघाली. मामा खूश झाले. ही बोलणाऱ्यांपुढं गायची नाही, म्हणाले. आणि मग षड्ज आता लागणार, आता लागणार असं वाटत असतानाच टेप संपली.

मूर्तींना ती उंबऱ्यापाशी पाऊल उचलून उभी राहिल्यासारखी वाटली. मी म्हटलं, हिचा सा लागेपर्यंत आमच्या घरचं दोश्याचं पीठ आंबून उतू जाईल.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच लावली. एका जागी मूर्तींच्या तोंडून त्यांची कानडी वाहवा निघून गेली, "भेष्." नियम मोडला म्हणून आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. त्यानंतरच्या रविवारी ते तापानं घरी होते. आम्ही दोघांनी टेप लावली, आणि नेमक्या त्या जागी टेपमधून आवाज आला, "भेष्." मूर्तींचाच, किंचित नाकातला. मशीननं ते टिपलं नव्हतं. मामा विठोबाची शपथ घेऊन सांगत होते की रेकॉर्डिंगच्या बटणाला त्यांनी हात लावलेला नाही. मला त्या आवाजाची एवढी भीती वाटली नाही. भीती वाटली ती पुढच्या गाण्याची. तोवर ती लांब बसून गात होती. त्या 'भेष्'नंतर तिचा आवाज जवळ आला, बोलता बोलता कुणी आपल्याकडं तोंड फिरवावं तसा.

त्याच आठवड्यात मूर्ती गेले. त्यांची मुलगी वसंता सांगत होती, दिवेलागणीला त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "सुम्ने रहा. आता सा लावणार ती." घर गप्प झालं, आणि त्या शांततेत त्यांची मान कलली.

यानंतर शहाण्या माणसानं ती टेप विहिरीत टाकली असती. पण तुमच्या मामांचा मूर्तींवर फार जीव होता. मित्राचा आवाज तेवढ्या एका जागी उरला होता, तो ऐकायला त्यांनी टेप लावली. मी शेजारीच होतो. 'भेष्' आलं, त्यांचे डोळे भरले आणि ते हळूच म्हणाले, "आलात का, मूर्ती." मी त्यांचं मनगट धरलं, पण शब्द सुटून गेला होता. ते कसे गेले हे तुम्हाला मामींनी सांगितलंच असेल. दिवेलागणीला, बसल्या जागी, सगळ्यांना गप्प करायला हात वर केलेला.

मग मामींनी मशीन आणि टेपा माझ्याकडं धाडल्या. घरात ऐकणारं कुणी नाही म्हणाल्या. ती टेप लावायची नाही असं ठरवलं होतं मी. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एका संध्याकाळी वनजा फुलं आणायला मार्केटात गेली आणि मी ती लावली. आधी मूर्ती आले. मग तुमचे मामा. मी ओठ दाताखाली धरून बसलो होतो. दार कधी वाजलं ते कळलंच नाही. वनजा पिशवी घेऊन मागं उभी. ती आमच्या बैठकीत कधी आलेली नाही, तो नियम तिला ठाऊक असायचं कारण नाही. ती म्हणाली, "अय्यो, काय गोड गळा हो."

टेप मागं फिरवून ऐकली. तिसऱ्या जागी वनजा होती.

मी ती सगळी टेप कोरी करून टाकली. पुन्हा लावून पाहिली तर बाई नाही, तंबोरा नाही, नुसती खरखर. आणि त्या खरखरीत, आपापल्या जागी, मूर्ती, तुमचे मामा आणि वनजा तिघं बोलत होते. मग ती टेप न्हाणीघराच्या चुलीत जाळली. शिरक्यासारखा आंबट वास घरात कितीतरी वेळ कोंडून राहिला. वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला स्वयंपाकघरातून वनजा म्हणाली, "अहो, टेप लावलीय का? स्वल्प मोठी करा की."

तेव्हापासून रोज हेच. ऊन उतरलं की तिचे हात थांबतात. मला काही ऐकू येत नाही, तिला येतं. एकदा चिडून म्हणाली, तुम्ही मधे बोलता म्हणून ती थांबते. आणि तिथंच मला उपाय सापडला, भुजंगराव. बोलणाऱ्यांपुढं ती गात नाही. मारव्याची वेळ एवढीशी असते, अंधार पडला की टळते. तेवढा वेळ मी बोलतो. पेपर मोठ्यानं वाचतो, पाढे म्हणतो, भिंतीशी भांडतो. शेजारी म्हणतात म्हाताऱ्याला भ्रम झाला. म्हणू देत. मला माझी वनजा हवी आहे, बाकी काही नको.

पण आज घसा बसत चाललाय. म्हणून तुम्ही दारात दिसलात तेव्हा देव पावला असं वाटलं.

ही बघा, आली. कॉफीचे पेले हातात आहेत, पण मान तिकडं... कोपऱ्याकडं. वनजा, इकडं ये, पाहुण्यांना दे. भुजंगराव आहेत हे, गुंडेरावांचे भाचे...

"श्श..." बघितलंत, आपल्यालाच गप्प करतेय? "दोघंही सुम्ने रहा हो. किती जवळ आलीय ती..."

भुजंगराव, माझा आवाज... निघत नाही. तुम्ही बोला. बन्नूरचं सांगा... ऊस कसा आहे, भात कसं आहे, काहीही. थोडाच उजेड उरलाय बाहेर. बोला ना... असे मान कलती करून काय बसलात? आणि मशीनच्या त्या झाकणावर बोटानं... ठेका कसला धरलाय?