पेन्सिल पुसायच्या आधी

वैशाखातल्या भर दुपारी सोलापूरच्या एसटी स्टँडवर कुणी प्रेमात पडावं, अशी हवा मुळीच नसते. तापलेली बाकडी, मानेवरून ओघळणारा घाम, आणि अक्कलकोटची गाडी नेमकी कुठल्या फलाटाला लागते यावरचे वाद... काव्या तर तिथं आपलं पार्सल न्यायला आली होती. ते आलं नव्हतं. दर महिन्याला पुण्याहून येणारी ती पुठ्ठ्याची लांब नळी गेल्या तीन वर्षांत कधी चुकली नव्हती. पार्सलवाला 'उद्या बघा' म्हणाला, पण अशा सुरात, की उद्याही काही येणार नाही हे तिला कळून चुकलं.

परत फिरताना पुस्तकांच्या स्टॉलपाशी ती थबकली. एक सडपातळ तरुण मुलांचं मासिक उघडून, त्यातल्या चित्रकथेवर चक्क भिंग धरून उभा होता. चित्रकथा होती 'कडक काशी'. काशी नावाची शूर मुलगी कडक भाकरी चक्रासारखी फेकून दुष्टांना लोळवते, वेळ पडली तर तीच भाकरी ढाल म्हणून धरते, आणि लढाई संपली की शेंगाचटणीबरोबर खाऊनही टाकते. असलं साहित्य भिंगातून वाचणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर दर्दी. काव्याला दोन्ही चालणार होतं. त्या चित्रांवरची शाई तिची होती.

या चित्रकथेत काम दोघांचं असे. एकानं पेन्सिलीनं चित्रं काढायची. दुसऱ्यानं त्यावर निबनं, ब्रशनं शाई चढवायची आणि ती वाळली की खालची पेन्सिल खोडरबरानं पुसून टाकायची. पेन्सिल मानसिंग नावाच्या कुणाची तरी असायची. काव्यानं त्याला पाहिलं नव्हतं. नावावरून तो झुपकेदार मिशांचा रिटायर फौजदार असणार, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"छान आहेत ना चित्रं?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शाई लई भारी हाय, ताई," तो भिंगातून मान वर न काढता म्हणाला. "पेन्सिलवाला मातुर सुमार हाय."

कौतुक ऐकून माणूस सुखावतो. काव्या भडकली. तिनं मासिक सरळ त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याची शाळाच घेतली. बाजारातली ही माणसं बघा, ती म्हणाली. डोक्यावरून भाकरी गरगरत चाललीय, तरी हा भाजीवाला पेंगतोय. या बाईची चप्पल तुटलीय, म्हणून ती एका पायावर उभी आहे. गोष्टीत यांचं काही काम नाही, नसती काढली तरी चाललं असतं. आणि हा डॉक्टर मैदा, अख्खं जग मऊ करायला निघालेला दुष्ट माणूस... तो जेवायला बसलाय, आणि त्याच्या समोर दुसरं ताट मांडलंय. रिकामं. लेखकानं नुसतं 'डॉक्टर जेवतो' एवढंच लिहिलं असणार. ते दुसरं ताट पेन्सिलवाल्याचं. त्यानं एका ताटात त्या माणसाचा सगळा एकटेपणा दाखवला, आणि तुम्ही त्याला सुमार म्हणताय?

तिच्या बोलण्याबरोबर त्याचे कान लाल होत गेले. आधी पाळ्या, मग पूर्ण.

"ते ताट कुणाच्या ध्यानात येईल," तो हळूच म्हणाला, "आसं वाटलं न्हवतं मला."

काव्या त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या मनातल्या फौजदाराच्या मिशा तिथल्या तिथं गळून पडल्या.

तो टेंभुर्णीहून आला होता. के. बसप्पा नावाच्या शाईवाल्याला शोधायला. बुजुर्ग माणूस असणार, त्यांना फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही, असं म्हणत त्यानं डाळिंबांची पिशवी दाखवली. म्हाताऱ्याचे दात शाबूत असतील की नाही, ही काळजी त्याला वाटेत लागली होती.

"शाबूत आहेत," काव्या म्हणाली. "बसप्पा माझे बाबा. के म्हणजे मी, काव्या."

त्यानंतर दोघंही समोरच्या सोड्याच्या गाडीवर का गेले, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. तिथं उलगडा झाला तो असा : मानसिंगची पानं टेंभुर्णीहून पुण्याला जायची आणि पुण्याहून सोलापूरला येताना परत टेंभुर्णीवरूनच यायची. तीन वर्षं ती त्याच्या घरावरून जात होती, आणि त्यानं एकदाही हात केला नव्हता. दोन चित्रकार एकमेकांना भेटले की मानधन वाढवून मागतात, अशी संपादकांना धास्ती असावी.

स्टॉलवर तो तिला ताई म्हणाला होता. सोडा येईपर्यंत ताई गेली. नंतर तिची कुणी चौकशी केली नाही.

मग तो जे सांगायला आला होता, ते त्यानं सांगितलं. संपादकांनी त्याला पडद्यावर चित्रं काढायचं मशीन दिलं होतं. पुढच्या अंकापासून पेन्सिल आणि शाई दोन्ही मानसिंगनंच करायची, के. बसप्पांची गरज नाही. उत्तर आज संध्याकाळपर्यंत हवं होतं.

काव्यानं गोटीच्या बाटलीवरचं पाणी बोटानं पुसलं. पार्सल का आलं नाही ते आता समजलं होतं.

"करून बघितलं मी," तो म्हणाला. "मशीनवर रेघ चुकली की माघारी घेता येती. तुमची घेता येत न्हाय... म्हणून तुमची जिती वाटती. माझी नुसती बरोबर येती."

"मी एक सांगू?" काव्या बाटलीकडंच बघत म्हणाली. "शाई वाळली की लगेच पेन्सिल पुसायची असते. मी पुसत नव्हते. पानं दोन-दोन दिवस तशीच टेबलावर ठेवायचे. आई, आमची अव्वा, विचारायची, झालं की गं, मग पाठव की. पण... तुम्हाला पुसायचं माझ्या जिवावर यायचं."

सोडेवाल्यानं आणखी दोन बाटल्या फोडल्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या, पण कुणी मागं फिरवल्याही नाहीत.

मानसिंगनं मोबाइल काढला आणि संपादकांना मजकूर लिहिला : शाई काव्या बसप्पा यांचीच राहील, जमत नसेल तर माझी पेन्सिलही नको. अंगठा बटणावर नेला. काव्यानं पटकन त्याचं मनगट धरलं.

नको, ती म्हणाली. हातचं काम आहे, ते माझ्यासाठी घालवायचं नाही. मी दुसरं काही बघेन. आणि तो ऐकेना तेव्हा ती वैतागून म्हणाली, "आज मोठेपणा दाखवाल, आणि दहा वर्षांनी भांडणात हेच उकरून काढाल... तुझ्यापायी काम सोडलं म्हणून."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

त्यानं मनगटावरच्या तिच्या बोटांकडं पाहिलं. "म्हंजे दहा वर्षांनी आपण भांडत आसू?"

अक्कलकोटची गाडी भलत्याच फलाटाला लागली आणि सगळं स्टँड तिकडं धावलं. काव्याचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. सोलापुरात एवढं कारण पुरतं.

"भांडू की," ती म्हणाली.

मानसिंगनं बटण दाबलं.

"अहो, पाठवलंत?"

"व्हय," तो म्हणाला. "भांडणाला कारण पायजे की."