झाकणावरचा नट

बॅटरी कशी निवडावी हे मला आत्याने शिकवलं, आणि तिच्यासारखी बॅटरी ओळखणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. दुकानदार वॉरंटीचं कार्ड नाचवायला लागला की ती त्याला हातानेच गप्प करायची आणि आधी बॅटरीवर ठोकलेली तारीख शोधायची. वर्षभर फळीवर पडून राहिलेली बॅटरी तिच्या लेखी जुनीच. मग उचलून पाहायची. स्टिकर कितीही भारी असो, हाताला हलकी लागली की म्हणायची, "आत शिसं नाही, नुसती हवा आहे." तीस वर्षं तिने ट्रकच्या बॅटऱ्या सांभाळल्या. ॲसिडने तिच्या एकेका कपड्याला भोकं पाडली, आणि शेवटी तेच ॲसिड छातीतही जाऊन बसलं.

त्या दिवशीचं काम साधं होतं. घाटमाथ्यावरच्या छोट्या इस्पितळात ऑक्सिजनचे चाळीस सिलिंडर पोचवायचे. तिथला साठा संध्याकाळी सहापर्यंतच पुरणार होता. आणि तिथल्याच महिला वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, आत्या होती.

सकाळी माझा ट्रक कुरकुरत सुरू झाला, म्हणून वाटेत बॅटरीच्या दुकानात थांबले. ट्रकला दोन बॅटऱ्या जोडीने लागतात, आणि बदलायच्या तर दोन्ही एकदम, हा आत्याचा कायदा. नवीला जुनी जोडली की जुनी नवीचंही वाटोळं करते. हे सगळं मला तोंडपाठ. पण ताज्या तारखेची एकच होती, दुसरी दोन वर्षं धूळ खात पडलेली. मी एकच घेतली. एका फेरीने काय बिघडतंय, अशी स्वतःची समजूत घातली. इतकी वर्षं शिकून ऐन वेळी मीच माती खाल्ली.

अर्ध्या घाटात धुकं उतरलं. बॉनेटच्या पुढचं दिसेना. त्यात एक झाड रस्त्यावर आडवं पडलेलं. मी इंजिन बंद केलं, पण मागून कोणी सिलिंडरवर येऊन आदळू नये म्हणून दिवे चालू ठेवले. झाड कापून बाजूला करायला दीड तास गेला. कापणारी माणसं आपल्या गाड्यांतून निघून गेली, त्यांचे आवाज धुक्यात विरले आणि मी चावी फिरवली.

टक्. बस्स, एवढंच.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. दिवे पिवळे पडून मालवले. घड्याळात साडेचार वाजले होते आणि मोबाईलला रेंज नव्हती. तोंड चढाकडे, मागे दरी. मागे सोडून गिअरवर गाडी सुरू करायची म्हणजे धुक्यात चाळीस सिलिंडर घेऊन आंधळ्यासारखं दरीकडे जायचं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. आत्याचा श्वास माझ्या मागे लोखंडात बंद होता आणि मी तिथे बसून होते.

तेव्हा तो आवाज आला.

खर्र… खर्र… खर्र…

तारेच्या ब्रशचा. माझ्या केबिनच्या मागे, खाली, बॅटरीची पेटी असते तिथून. कोणीतरी टर्मिनल घासत होतं. सावकाश, न चुकवता, सगळ्या बाजूंनी. मग आंबूस वास आला. मी काच खाली केली. पेटीशी धुकंच होतं, तरी ब्रश चालू होता.

"कोण आहे?" माझा आवाज मलाच ऐकू येईना. "आत्या… तू आहेस का गं?"

ब्रश थांबला. पाना फिरल्याची करकर झाली. मग बॉडीवर दोन ठोके पडले, ठक् ठक्. आमच्यात त्याचा अर्थ एकच, सेल्फ मार. माझा हात हलेना. पुन्हा दोन ठोके पडले, या वेळी जरा वैतागून.

मी चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

सहाला दहा मिनिटं असताना मी इस्पितळाच्या अंगणात शिरले. माणसं धावत आली. मी इंजिन बंद केलं, उतरवताना उजेड हवा म्हणून दिवे राहू दिले, आणि धीर करून बॅटरीची पेटी पाहायला गेले. पेटीचं झाकण चिखलाने माखलेलं होतं. त्याच्या मधोमध एक नट ठेवला होता, स्वच्छ पुसून. झाकण उघडलं तर नव्या बॅटरीची एक वायर सुटी लोंबत होती. जोडीतली एक वायर सुटली की ट्रकमध्ये काजव्याएवढाही उजेड पडत नाही. माझे दिवे लख्ख जळत होते.

शेवटचा सिलिंडर आत गेला, तसे ते आपोआप विझले.

रात्रीच्या औषधांच्या वेळेपर्यंत आत्याच्या ओठांवर रंग आला होता. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट. ती ओरडली नाही, याचीच मला भीती वाटली.

"कुठली वायर?" तिने मास्क बाजूला करत विचारलं.

"निगेटिव्हची."

"म्हणजे सुटली नाही. काढली. जाणकार आधी निगेटिव्हच काढतो." तिने दम घेतला. "नट झाकणावर? एवढी वळणं घेऊन पडला नाही?"

तोपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नट इथे आल्यावर ठेवला होता, आणि त्या वेळी मी ट्रकपासून चार पावलांवर उभी होते.

 आत्याने वॉर्डबॉय मामांना हाक मारली. "मामा, इन्व्हर्टरच्या खोलीत जाऊन या."

"ताई, पुन्हा तेच? टर्मिनलवर पांढरं साचलंय, पाणी आटलंय, चार दिवस तुमचं हेच ऐकतोय. उद्या माणूस येणार आहे. कुलूप आहे तिकडे."

"बघून तर या."

मामा किल्ली घेऊन गेले. परत आले तेव्हा दारातच थांबले.

"कोणी केलं हो ताई? कुलूप तर मीच काढलं… दोन बॅटऱ्या चकाचक आहेत, पाणी भरलंय, व्हॅसलीन लावलंय. हात धरून शिकावं असं काम आहे. फक्त तिसरीची झाकणं उघडी आहेत. ब्रश तसाच टाकलाय वर, ओला. मी लावून येऊ झाकणं?"

आत्याने माझा हात घट्ट धरला. 

"नको," ती म्हणाली. "तिकडे कोणी जाऊ नका. हिच्या ट्रकबरोबर जो आलाय, त्याला पुरं करू दे."