शेवटची फळी

जेवणं उरकली, दिवे गेले आणि भाचरांनी मामांना गच्चीवर गाठलं. दिवसभर वायरिंगचं काम करून मामांचं अंग आंबलं होतं. दिवे दुरुस्त करणाऱ्याच्याच घरी अंधार, अशी थट्टा झाली, ती त्यांनी डोळे मिटूनच ऐकली. मग म्हणाले, गोष्ट नाही, झालेलं सांगतो. ज्याच्या बाबतीत झालं तो मिस्त्री कितीतरी कामांवर माझ्याबरोबर होता, आणि खोटं बोलायचासुद्धा त्याला कंटाळा यायचा.

मिस्त्री म्हणजे सुतार. गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी तो आपल्या आत्याच्या दुकानाच्या दाराला फळ्या बसवायला गेला. भर चौकातली इमारत, खाली दुकान, वर आत्याच्या दोन खोल्या. एका छत्रीवाल्याने बांधलेली. पुढे तिथे जोडे विकले गेले, मग औषधं, शेवटी आत्याच्या सासऱ्यांनी लोकर आणि बटणं मांडली. माल बदलत गेला, दर्शनी बाजू तीच राहिली, म्हणून इमारत हेरिटेजच्या यादीत होती. मात्र मधे कधीतरी लाकडी फळ्या काढून लोखंडी शटर बसवलं गेलं. आता कमिटी शनिवारी सकाळी बघायला येणार होती. पुढची बाजू पूर्वीसारखी दिसली नाही तर नाव यादीतून जाणार. घरमालकाने जागा कधीच बिल्डरला विकलेली. नाव गेलं की इमारत पडणार आणि या वयात आत्या रस्त्यावर येणार.

जुन्या फळ्या माळ्यावर सापडल्या, पण फुगलेल्या. मिस्त्री संध्याकाळपासून एकेक रंधा मारून खाचेत सरकवत होता. आदल्या दोन रात्रीही त्याने दुसऱ्या कामावर जागून काढल्या होत्या. चहा घेऊन आत्या खाली आली तेव्हा तो उभ्या उभ्या पेंगत होता.

"शेवटची फळी लावण्याआधी आत तोंड करून विचार हो," आत्या म्हणाली. "कोणी राहिलंय का, म्हणून. आणि जरा थांब. सासरे रोज विचारायचे."

"आत्या, आत लोकरीच्या गुंड्यांशिवाय आहे कोण?"

आत्या हसली नाही. छत्रीवाल्याच्या वेळची गोष्ट तिने थोडक्यात सांगितली. दांडे बसवणारा एक कारागीर होता. लग्नसराईची घाई, रात्रंदिवस काम. दमून खोक्यांमागे झोपला. छत्रीवाल्याला गावी लग्नाला जायचं होतं. त्याने फळ्या लावल्या, बाहेरून पट्टी घातली, कुलूप ठोकलं. मागे दार नाही. आठवड्याने परत आला तेव्हा... आत्याने रिकामा कप उचलला आणि जिना चढून गेली.

"मामा, उगाच घाबरवू नका हं," धाकटी भाची म्हणाली आणि ताईच्या शालीत शिरली. मामा म्हणाले, अमावास्या नव्हती, कुत्रं रडत नव्हतं. लख्ख चांदणं होतं. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

अडीच वाजत आले होते. एकच फळी उरली होती. मिस्त्रीचे खांदे भरून आले होते, डोळ्यांत लाकडाचा भुसा. घरी जावं, पाठ टेकावी, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने फळी उचलली. सरकवली. पट्टी घातली. कुलूप लावलं.

हत्यारं पिशवीत भरताना त्याला आठवलं. विचारायचं राहिलं.

चौकात चिटपाखरू नव्हतं. आपलंच आपल्याला हसू आलं म्हणे त्याला. तरी आत्याचा शब्द. फळीच्या फटीशी तोंड नेऊन तो हळूच म्हणाला, "कोणी राहिलंय का?"

काही नाही.

तो वळला.

आतून कोणीतरी लांब श्वास सोडला... दमलेल्या माणसासारखा. अगदी फळीला लागून.

मग आवाज आला. रागाचा नाही. रडण्याचाही नाही.

"आता विचारून काय उपयोग?"

मिस्त्रीच्या हातून पिशवी पडली. पळावं असं वाटलं. वर आत्या झोपलेली... आणि आत... कोण? त्याने कुलूप उघडलं. पट्टी काढली. फळी ओढली.

आत चांदण्याचा पट्टा. लोकर. बटणांचे डबे. कोणी नाही.

त्याने फळी भिंतीला लावून ठेवली. पायरीवर बसला. वाट मोकळी ठेवून, एका बाजूला सरकून.

"या बाहेर," एवढंच म्हणाला. "मी थांबलोय."

कोणी आलं का? भाचरांनी विचारलं. मिस्त्रीला शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे. पहाटे कधीतरी त्याचा डोळा लागला.

उजाडल्यावर त्याने पुन्हा विचारलं. बराच वेळ थांबला. मग गार पडलेली फळी उचलून खाचेत सरकवली. आत्या खाली आली, त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

नऊला कमिटी आली. मोजमापं झाली, फोटो निघाले. साहेब म्हणाले, काम चोख आहे, नाव राहील. आत्या जिन्याच्या पायरीवरच मटकन बसली.

बरोबरच्या बाई लाकूड बघायला वाकल्या होत्या. ऊन अजून चौकाच्या पलीकडेच होतं. बाकीच्या फळ्यांवरून हात फिरवत त्या शेवटच्या फळीपाशी आल्या आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"इथे आत्ता कोण टेकून बसलं होतं?"

कोणीच नाही, मिस्त्री म्हणाला. त्याने स्वतः हात लावून पाहिला. बाकी सगळी फळी गारठलेली. फक्त खाली, बसलेल्या माणसाची पाठ येईल तेवढ्या उंचीवर... ऊबदार होती.