पाडव्याचं अपडेट

"संगमेश्वरची गोष्ट हाय, माझ्या साडूच्या पोराची. खोटी वाटली तर मांजरसुंब्याला जाऊन इचारा त्याला," अण्णाराव म्हणाले. पोरं त्यांच्या खाटेला खेटून बसली.

यंदाच्या पाडव्याचा दिवस. गावच्या मठात संगमेश्वर गेला तो एवढ्याशा कामाला: कॅमेऱ्याच्या डब्यात अपडेट टाकायचं. मुठीएवढा डबा, आत लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर. त्यातून पहाटेची आरती घरोघरच्या मोबाईलवर दिसायची. तो बसवला त्याच्या मित्रानं, आदिनाथनं. आदिनाथ पुढं घाटात अपघातात गेला. आता त्याची आई, केशरबाई, अंथरुणाला खिळलेली. दवाखान्यानं घरी पाठवलं होतं. "लेकाच्या डब्यातून उद्याची आरती बघू द्या," एवढंच तिचं मागणं.

पाडव्याला घरात नवं येतं. मग डब्यातही अगदी नवंच असावं, म्हणून संगमेश्वरनं सॉफ्टवेअर जिथून उतरतं ते नेहमीचं भांडार सोडून टेस्टिंगचं जोडलं. तिथलं सामान ताजं, पण कच्चं. अजून पारखायचं राहिलेलं.

झालं! सॉफ्टवेअरची अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी. कॅमेऱ्याचं पॅकेज म्हणे, मला नवी लायब्ररी पाहिजे. लायब्ररी म्हणे, आधी ते जुनं काढ. जुनं काढायला जावं, तर डबा निम्मा संसारच बाहेर फेकायला निघाला. आंबलेल्या वरणात ताजं ओतावं आणि सगळं पातेलंच नासावं, तशातली गत. दिवस मावळला, रात्र चढली. पडद्यावर चुकांच्या लाल ओळी वाढतच गेल्या, तसा तो स्वतःवरच करवादला.

"थू असल्या अपडेटवर! चांगलं चाललं होतं, कावून हात लावला बे मी?"

"मग सगळं पुसून पुन्हा टाकायचं ना, आबा," पोरांतली करिष्मा मधेच म्हणाली.

"लई शहाणी! आदिनाथनं केलेली जोडणी दुसऱ्या कुणाला ठावी हाय का? पुसली की गेलीच."

पुजारी घरी गेले होते. दार आतून लावलेलं. मध्यरात्र उलटली. संगमेश्वरनं हात मांडीवर टाकले अन् मठातल्या स्वामींच्या समाधीकडं बघितलं. "स्वामी, माझ्या हावरेपणापायी म्हातारीची आरती चुकवू नका."

टक.

कीबोर्डचं बटण दाबल्याचा आवाज.

त्याचे हात मांडीवरच होते.

टक... टक...

पडद्यावर अक्षर उमटलं. मग दुसरं. टेस्टिंगची ओळ पुसली गेली. एकेक पॅकेज मागं सरकू लागलं... आपापल्या जागी...

"आदिनाथ?"

टकटक थांबली.

...

मग पुन्हा सुरू झाली. जरा हळू.

पहाटे मोबाईलवर आरती दिसली तशी केशरबाईंनी उशीवरून मान उचलली, हात जोडले. आरती संपेस्तोवर नजर हलली नाही. मग म्हणाल्या, "च्या टाका गं. उद्या पण बघीन म्हणते."

"हाय अजून म्हातारी. चांगलं जेवतीय," अण्णाराव म्हणाले.

"अन् डब्यापाशी कोण होतं, आबा?"

अण्णाराव खाटेवर पुढं सरकले, आवाज खाली आणला.

"दार उघडायला उठला तवा संगमेश्वरला दिसलं. एंटरच्या बटणावर विभूती. तीन आडवे पट्टे, कपाळावर ओढतेत तसे."

"मग?"

"बोट लावलं त्यानं... ओली होती."